आल्बर्टुस पिक्टोर : चर्चच्या छतावरचा चित्रकार

थोर पुरुषाचे चरित्र लिहावयास बसले म्हणजे लेखकाला बहुधा साधनांच्या विपुलतेची अडचण पडते. पत्रव्यवहार, रोजनिशा, स्नेह्यांच्या आठवणी, समकालीनांचे स्तुतिनिंदेचे लेख यांचा एवढा मोठा ढीग समोर असतो की, त्यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे हेच कळेनासे होते. परंतु ज्या पुरुषाची ओळख मी आज तुम्हांला करून देणार आहे, त्याच्या बाबतीत अडचण नेमकी उलट आहे. त्याचे पत्र नाही, रोजनिशी नाही, आठवणी लिहून ठेवणारा एखादा शिष्यही नाही. नगराच्या दप्तरांतील थोड्या ओळी आणि तिसाहून अधिक चर्चांच्या भिंती व छते, एवढीच त्याच्या चरित्राची सामग्री. तरीदेखील युरोपच्या उत्तरेकडील स्वीडन या देशात मध्ययुगीन चित्रकलेचा विषय निघाला की, सर्वांत आधी त्याचेच नाव घेतले जाते. आल्बर्टुस पिक्टोर हे ते नाव.

विद्यार्थी मित्रहो, हे नावदेखील खरे म्हणजे नाव नव्हे. लॅटिन भाषेत पिक्टोर म्हणजे चित्रकार. आल्बर्टुस पिक्टोर म्हणजे चितारी आल्बर्ट, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे जसे सोनार, सुतार, तांबट हे शब्द माणसाच्या नावाला चिकटतात आणि पुढे आडनावे होऊन बसतात, तसाच हा प्रकार. कुळाच्या मोठेपणावरून नव्हे, तर हातांतल्या कामावरून ज्याची ओळख जगाला पटली, असा हा पुरुष होता.

आल्बर्टचा जन्म इसवी सन १४४० च्या सुमारास झाला. त्याच्या नावाबरोबर इम्मेनहाउझेन या गावाचे नाव जोडलेले आढळते. हे गाव जर्मनीतील हेस प्रांतात आहे. म्हणजे ज्याला आज स्वीडन आपला मानते, तो जन्माने परदेशी होता. समुद्र ओलांडून तो स्वीडनमध्ये आला, आणि १४६५ साली आरबोगा नावाच्या नगरात त्याला नागरिकत्वाचा हक्क मिळाल्याची नोंद सापडते. मेलारेन सरोवराच्या पश्चिमेस वसलेले हे नगर त्या काळी भरभराटीचे होते. आसपासच्या डोंगराळ मुलखातील खाणींचे लोखंड येथे येई आणि जलमार्गाने स्टॉकहोमकडे जाई. ज्या गावी पैसा खेळतो, त्या गावी कारागिराला काम मिळते. पंचविशीच्या उंबरठ्यावरील या तरुण चिताऱ्याने आपले पहिले बिऱ्हाड येथे थाटले, ते त्यामुळेच असावे.

त्या काळी नागरिकत्व ही केवळ मानाची गोष्ट नव्हती. नगरात स्वतंत्रपणे धंदा करावयाचा, हाताखाली माणसे ठेवावयाची, तर नागरिक होणे आवश्यक असे. नागरिकाने कर भरावा, नगराच्या रक्षणाचा भार उचलावा आणि त्याच्या बदल्यात नगराने त्याच्या व्यवसायाला संरक्षण द्यावे, असा तो करार होता. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला पाय रोवण्यास जागा देणारा हा कागद आल्बर्टने मिळविला, आणि त्याच्या आयुष्याची पहिली निश्चित नोंद आपल्याला मिळाली.

पुढील आठ वर्षांनी, म्हणजे १४७३ साली, आपल्याला तो स्टॉकहोमला भेटतो. योहान नावाच्या चिताऱ्याच्या ॲना नामक विधवेशी त्याने विवाह केला आणि योहानची कार्यशाळा त्याच्या हाती आली. आजच्या वाचकाला हे थोडे व्यवहारी वाटेल. परंतु कारागिरांच्या जगात ही रीतच होती. नवरा वारला की कार्यशाळेचे काय करावयाचे, हाताखालच्या माणसांचे पोट कसे भरावयाचे, हा प्रश्न विधवेपुढे उभा राही. आणि नव्या कारागिराला नगरात शिरकाव मिळविण्यासाठी चालती कार्यशाळा हवी असे. दोघांची गरज एका विवाहाने भागत असे. आल्बर्टच्या साऱ्या पुढच्या कर्तृत्वाचा पाया या घरात घातला गेला, हे विसरून चालणार नाही.

मात्र तो ज्या वेळी स्टॉकहोमला आला, ती वेळ जर्मन माणसाला फारशी अनुकूल नव्हती. या नगराच्या व्यापारउदीमात जर्मन लोकांचा वाटा फार मोठा होता. जुन्या नगर-कायद्याप्रमाणे नगरसभेतील निम्म्या जागांपर्यंत जर्मनांना बसण्याची मुभा होती. परंतु १४७१ साली स्टॉकहोमजवळ ब्रुन्केबेर्ग येथे मोठी लढाई झाली. स्टेन स्टुरे या स्वीडिश राज्यपालकाने डेन्मार्कचा राजा पहिला क्रिस्तियान याचा पराभव केला, आणि त्या विजयाच्या लाटेत जर्मनांचा तो जुना हक्क काढून टाकण्यात आला. या घटनेला जेमतेम दोन वर्षे होतात तोच इम्मेनहाउझेनचा हा माणूस राजधानीत दुकान मांडतो. त्याच्या मनात त्या वेळी काय आले असेल हे सांगण्यास कोणताही कागद नाही. परंतु पुढील पस्तीस वर्षे तो याच नगरात राहिला, येथेच कर भरीत राहिला आणि येथेच त्याने डोळे मिटले. तक्रारीचे उत्तर त्याने कामाने दिले, एवढे निश्चित म्हणता येते.

आता त्याचे काम काय होते ते पाहू. स्टॉकहोमच्या आसपासच्या उपलांड, सॉडरमानलांड आणि वेस्टमानलांड या प्रांतांत खेडोपाडी दगडी चर्चे होती. यांतील कित्येक चर्चे जुनी, जाड भिंतींची, वर लाकडी छत असलेली अशी होती. पंधराव्या शतकात त्यांची लाकडी छते काढून त्या जागी विटांची कमानदार छते बांधण्याची लाट आली. कमानींच्या उभट कण्या एकमेकींना छेदीत आणि वर चांदणीसारखी आकृती तयार होई. या कण्यांच्या मधोमध पांढऱ्याशुभ्र, वळणदार, त्रिकोणी जागा उरत. अशा कोऱ्या जागा पाहून कोणत्या चिताऱ्याचे हात शिवशिवणार नाहीत? गवंड्यांनी आपले काम संपवून परांची मोकळी करावी आणि आल्बर्टच्या माणसांनी ती चढावी, असे गावोगाव घडू लागले.

या चित्रांना केवळ शोभेची म्हणणे चुकीचे ठरेल. उपासना लॅटिन भाषेत चाले आणि ती भाषा शेतकऱ्याला कळत नसे. स्वीडिश भाषेतील छापील नवा करार निघाला तो १५२६ साली, आणि संपूर्ण बायबल १५४१ साली. म्हणजे दोन्ही आल्बर्टच्या मृत्यूनंतर. त्याच्या हयातीत सामान्य माणसाला धर्मग्रंथ वाचावयास मिळणे अशक्यच होते. अशा माणसाने रविवारी चर्चमध्ये यावे, मान वर करावी आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून अखेरच्या न्यायाच्या दिवसापर्यंतची सारी कथा छतावर पाहावी, अशी ही योजना होती. आपल्याकडे कीर्तनकार बुवा जे काम वाणीने करतात, ते काम तेथे चिताऱ्याचा कुंचला करीत होता.

काम करण्याची पद्धत अशी. विटांच्या छतावर गिलावा करून त्यावर चुन्याची पातळ सफेती देत. तिच्यावर आधी आकृतींची रूपरेषा काढीत, मग रंग भरीत, आणि शेवटी ठसठशीत काळ्या रेषेने चेहरे, हात, वस्त्रांच्या चुण्या उठावदार करीत. इटलीमध्ये ओल्या गिलाव्यात रंग मुरवून भित्तिचित्रे काढण्याची जी रीत होती, ती ही नव्हे. येथे रंग मुख्यतः सुकत्या किंवा सुकलेल्या सफेतीवर बसत. वस्त्रांवरची वेलबुट्टी आणि छतावर विखुरलेली फुले काढण्यासाठी कातरलेले साचे वापरीत. साचा धरला, वरून रंग फिरविला की फूल तयार. त्यामुळे एक माणूस महिनोन्महिने ज्यात गुंतला असता, ते काम एका तुकडीच्या हातून भराभर उरकत असे.

कारण हे काम एकट्याचे नव्हतेच. आल्बर्टच्या हाताखाली कुशल कारागीर आणि शिकाऊ मुले होती. एकाच चर्चमध्ये एखादा चेहरा अतिशय सजीव, तर शेजारचा काहीसा ठोकळ्यासारखा दिसतो, तो यामुळेच. गुरूने योजना आखावी, महत्त्वाच्या आकृती स्वतः रंगवाव्यात, आणि पाने, फुले, किनारी शिष्यांवर सोपवाव्यात, अशी त्या काळच्या सर्वच कार्यशाळांची रीत होती. उत्तरेकडील त्या देशात हिवाळा फार कडक आणि दिवस फार तोकडा. थंडगार, अंधाऱ्या चर्चमध्ये त्या दिवसांत ओल्या चुन्याचे काम होणे कठीण. तेव्हा उन्हाळ्याच्या लांबलचक उजेडाच्या दिवसांतच ही तुकडी साहित्य घेऊन गावोगाव हिंडत असणार, हे उघड आहे.

आता मी एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. आल्बर्टची चित्रे आणि त्या काळची काही छापील पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा अभ्यासकांना आढळून आले की, त्याच्या अनेक रचना त्या पुस्तकांवरून घेतलेल्या आहेत. ही पुस्तके लाकडी ठशांवरून छापीत. एका फळीवर संपूर्ण पानाचे चित्र व मजकूर उलटा कोरावयाचा, त्याला शाई लावावयाची आणि कागदावर छाप उठवावयाचा, असे ते तंत्र. त्यांपैकी गरिबांचे बायबल या नावाने ओळखले जाणारे चाळीस पानांचे एक पुस्तक फार प्रसिद्ध आहे. त्याच्या प्रत्येक पानावर मध्यभागी येशू ख्रिस्ताच्या जीवनातील एक प्रसंग असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या करारातील दोन प्रसंग असतात. ख्रिस्ताला कबरीत ठेवण्याच्या प्रसंगाच्या एका बाजूस योसेफाला त्याचे भाऊ विहिरीत लोटीत आहेत, तर दुसऱ्या बाजूस योनाला मोठा मासा गिळीत आहे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाशेजारी त्याच माशाच्या तोंडातून योना बाहेर पडत आहे आणि शमशोन गज्जा नगराच्या वेशीची दारे उखडून खांद्यावर वाहून नेत आहे. जुन्या कथेत नव्या कथेची सावली आधीच पडलेली असते, ही कल्पना येथे चित्रांनी समजावून दिली आहे.

आल्बर्टने या पुस्तकातून आणि तशाच इतर छापील चित्रांतून मुक्तपणे उचल केली. मग तो केवळ नकलाकार ठरतो काय? तुमच्यापैकी ज्यांना चित्रकलेची आवड आहे, त्यांनी हा प्रश्न नीट मनात घ्यावा. फळ्यावर टांगलेला नमुना पाहून चित्र काढताना, हे तर दुसऱ्याचे आहे, यात माझे काय, असे वाटून कित्येकांचा हिरमोड होतो, हे मी शिक्षक या नात्याने अनेकदा पाहिले आहे.

या प्रश्नाचे उत्तर आल्बर्टच्या छतांवरच सापडते. त्याच्या हाती आलेले चित्र तळहाताएवढे, काळ्या शाईचे, सपाट कागदावरचे. ते त्याला न्यावयाचे होते माणसाच्या डोक्यावर कित्येक हात उंच, वळणदार, तिरप्या आणि टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या जागेवर. खालून पाहणाऱ्याला आकृती वेडीवाकडी दिसू नये, निमुळत्या कोपऱ्यात पाय तुटू नयेत, अंधुक उजेडातही प्रसंग ओळखू यावा, एवढी सारी पथ्ये सांभाळावयाची होती. शिवाय मूळ चित्रात रंग नव्हताच. तो सर्वस्वी आल्बर्टचा. वस्त्रे त्याने आपल्या काळातील लोकांचीच चढविली. म्हणून त्याचे बायबलमधील पुरुष पंधराव्या शतकातील लोकांसारखे टोप्या घालतात आणि टोकदार जोडे मिरवितात. नमुना दुसऱ्याचा असला तरी डोळा आणि हात त्याचे होते. नमुना घेणे यात हीनपणा नाही. नमुन्यापाशीच थांबणे यात आहे.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १४८३ साली योहान स्नेल या जर्मन मुद्रकाने स्टॉकहोममध्ये स्वीडनमधील पहिले पुस्तक छापले, त्या वेळी आल्बर्ट त्याच नगरात ऐन भरात होता. त्याच्या आधी सहा वर्षे, १४७७ साली, आर्चबिशप याकोब उल्फसोन याच्या प्रयत्नाने उप्सला येथे विद्यापीठ स्थापन झाले होते. १४८९ साली बेर्न्ट नोटके या ल्यूबेकच्या कलावंताच्या नावाशी निगडित असलेले संत जॉर्ज आणि राक्षसी नाग यांचे प्रचंड काष्ठशिल्प स्टॉकहोमच्या मुख्य चर्चमध्ये उभे राहिले. ब्रुन्केबेर्गच्या विजयाचे ते स्मारक. गंमत अशी की, जर्मनांचे हक्क ज्या विजयानंतर कमी झाले, त्याचे स्मारक घडविण्यास जर्मन कलावंतच लागला. छापखाना, विद्यापीठ, शिल्प आणि भित्तिचित्रे ही सारी एकाच पिढीत स्वीडनमध्ये बहरली, आणि त्या बहराला परमुलखातून आलेल्या हातांनी पाणी घातले होते.

त्याच्या सर्व चर्चांचे वर्णन येथे करणे शक्य नाही. दोन नमुने पुरेत. पहिले हॅर्केबेर्गा. उपलांडमधील एन्कॉपिंग नगराजवळचे हे लहानसे खेड्यातले चर्च. बाहेरून पाहिले तर त्यात विशेष काही आहे असे वाटू नये. परंतु आत पाऊल टाकून वर पाहिले की, छताचा तसूभरही भाग रिकामा आढळत नाही. योना आणि मासा, शमशोन, दावीद आणि गल्याथ अशा कथा पानाफुलांच्या वेलींत गुंतलेल्या दिसतात. येथेच दैवचक्राचे चित्र आहे. एका मोठ्या चाकाला माणसे धरून आहेत. एक वर चढत आहे, एक शिखरावर दिमाखात बसला आहे, एक खाली घसरत आहे आणि एक तळाशी पडला आहे. चाक फिरतेच आहे; आज जो वर तो उद्या खाली. हे चित्र पाहताना जमीनदारालाही आपली जागा आठवली असेल आणि त्याच्या कुळालाही थोडा धीर आला असेल.

दुसरे चर्च टेबीचे. हे स्टॉकहोमच्या उत्तरेस आहे. येथील छतावर आल्बर्टचे सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे. एक माणूस बुद्धिबळ खेळत बसला आहे आणि पटाच्या दुसऱ्या बाजूस हाडांचा सापळा झालेला मृत्यू बसला आहे. बस, एवढेच चित्र. त्यात रक्तपात नाही, आक्रोश नाही. डाव चालू आहे, आणि तो कोण जिंकणार हे पाहणाऱ्याला ठाऊक आहे. १३५० साली प्लेगच्या महामारीने स्वीडनला गाठले होते, आणि त्यानंतरही ती पुन्हा पुन्हा डोके वर काढीत होती. अशा देशातील प्रेक्षकाला या चित्राचा अर्थ फोड करून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

या चित्राने साडेचारशेहून अधिक वर्षांनंतर आणखी एका कलाकृतीला जन्म दिला. स्वीडिश चित्रपट-दिग्दर्शक इंगमार बर्गमन हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. लहानपणी वडिलांबरोबर तो खेड्यांतील चर्चांत जाई आणि प्रवचन चालू असताना छतावरची चित्रे न्याहाळीत बसे. पुढे १९५७ साली त्याने सातवी मोहोर या नावाचा चित्रपट काढला. त्यात धर्मयुद्धाहून परतलेला एक सरदार समुद्रकिनाऱ्यावर मृत्यूशी बुद्धिबळाचा डाव मांडतो. हा चित्रपट जगभर गाजला. त्यात चर्चच्या भिंतीवर चित्रे काढणारा एक चितारीही आहे आणि त्याला आल्बर्टुस पिक्टोर हेच नाव दिले आहे. चित्रपटाची कथा चौदाव्या शतकातील महामारीच्या काळात घडते, आणि खरा आल्बर्ट तर त्यानंतर शंभर वर्षांनी होऊन गेला. परंतु ऋण मान्य करण्याची ही रीत होती, आणि अशा ऋणनिर्देशात कालगणनेची चूक क्षम्यच मानली पाहिजे.

चित्रकार म्हणून आल्बर्टची कीर्ती असली, तरी स्टॉकहोमच्या दप्तरांत त्याचा उल्लेख आणखी एका नावाने होतो. तेथे त्याला मोत्यांचे भरतकाम करणारा असे म्हटले आहे. धर्मगुरूंची उपासनेची वस्त्रे, वेदीवर घालावयाची आच्छादने यांवर रेशमाचे, जरीचे आणि मोत्यांचे काम करणारी कार्यशाळाही तो चालवीत होता. त्याच्या कार्यशाळेची म्हणून ओळखली जाणारी वस्त्रे आजही स्वीडनमध्ये जपून ठेवलेली आहेत. छतावर हातभर लांबीची रेषा एका फटकाऱ्यात ओढणारा माणूस सुईच्या टोकाने मोती टाचण्याच्या कामाचीही जबाबदारी घेत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळच्या कारागिराच्या शिक्षणाची कल्पना येते. त्यातही भर म्हणजे तो वाद्य वाजवीत असे. स्टॉकहोममधील एका धार्मिक बंधुसंघाच्या उपासनेत त्याने ऑर्गन वाजविल्याची नोंद आहे. दृष्टी, हात आणि कान या तिघांनाही त्याने कामाला लावले होते.

एवढ्या सगळ्या चित्रांत त्याचा स्वतःचा चेहरा कोठे आहे काय? सॉडरमानलांडमधील लीद येथील चर्चमध्ये एक आकृती आहे. गुडघे टेकून प्रार्थना करणारा एक माणूस, आणि त्याच्याजवळ एक लेखपट्टी. त्या पट्टीवर या चर्चचा चितारी म्हणून आल्बर्टचे नाव आहे. ही त्याने स्वतःचीच काढलेली प्रतिमा असल्याचे मानले जाते. ज्या काळात बहुतेक चितारी नावगाव न ठेवता निघून जात, त्या काळात त्याने आपले नाव लिहिले. परंतु ते लिहिले ते छाती पुढे काढून नव्हे, तर गुडघे टेकून. आपण हे केले, हे कोणी तरी लक्षात ठेवावे, एवढीच त्याची मागणी दिसते. माणसाला अभिमान असावा, परंतु तो कसा असावा, याचा हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

१५०९ च्या सुमारास आल्बर्ट स्टॉकहोम येथे मरण पावला. त्याच्या मागे त्याच्या चित्रांचे जे झाले, तीही एक कथाच आहे. त्याच्या मृत्यूला वीस वर्षे होण्यापूर्वीच, १५२७ साली, गुस्ताव वासा राजाच्या काळात स्वीडनने रोमच्या सत्तेपासून फारकत घेण्यास आरंभ केला आणि ल्यूथरचा पंथ तेथे रुजला. इतर काही देशांत अशा वेळी चित्रे व मूर्ती फोडण्यात आल्या. स्वीडनमध्ये तसा विध्वंस मोठ्या प्रमाणावर झाला नाही, आणि आल्बर्टची छते बचावली. परंतु जे क्रोधाने केले नाही ते पुढे अभिरुचीने केले. अठराव्या शतकात लोकांना प्रकाशमान, स्वच्छ, पांढरी चर्चे आवडू लागली. जुनी चित्रे त्यांना ओबडधोबड वाटू लागली. खिडक्या मोठ्या करण्यात आल्या आणि अनेक ठिकाणी चित्रांवर चुन्याचे हात फिरले.

पुढे एकोणिसाव्या शतकात जुन्या वारशाविषयी आस्था निर्माण झाली. चर्चांतून हिंडून चित्रांच्या नकला उतरवून घेणारे अभ्यासक निघाले, आणि त्या शतकाच्या अखेरीपासून चुन्याखाली दडलेली चित्रे पुन्हा उघडी करण्याचे काम सुरू झाले. मौज पाहा, ज्या चुन्याने ती झाकली, त्यानेच त्यांचे धुरापासून व धुळीपासून थोडेफार रक्षणही केले होते. मात्र काही ठिकाणी उत्साहाच्या भरात नव्या रंगांची भर घालण्यात आली, आणि मूळ रेषा कोणती व मागाहून ओढलेली कोणती हे ठरविणे अभ्यासकांना कठीण होऊन बसले. झाकणाऱ्याने केलेली हानी धुऊन निघते; सुधारणाऱ्याने केलेली हानी मात्र निघता निघत नाही.

या चित्रांपुढे उभ्या राहणाऱ्याला एक गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते. कित्येक आकृतींचे चेहरे काळे किंवा राखाडी दिसतात. आल्बर्टने ते तसे रंगविले नव्हते. कातडीचा गुलाबी रंग साधण्यासाठी त्याने जे मिश्रण वापरले, त्यात शिशापासून केलेले रंग होते. आपल्याकडील शेंदूर आणि सफेदा हे त्याच जातीचे. हे रंग भिंतीवर असे उघडे राहिले म्हणजे काळाच्या ओघात त्यांत रासायनिक बदल होतो आणि ते काळे पडतात. गेरूसारखे मातीचे साधे रंग मात्र टिकून राहतात. म्हणजे जेथे चिताऱ्याने सर्वांत अधिक जीव ओतला, ते मुखच काळवंडले, आणि शिकाऊ मुलांनी साच्यावरून उठविलेली साधी फुले कित्येक ठिकाणी जशीच्या तशी राहिली.

हे वाचून तुम्हांला खेद वाटेल. मलाही प्रथम वाटला. परंतु अधिक विचार करता मला त्यात निराळाच अर्थ दिसू लागला. आपल्या कामापैकी कोणता भाग टिकेल आणि कोणता मावळेल, हे करणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. आल्बर्टने मुख्य मूर्ती जेवढ्या काळजीने काढली तेवढ्याच काळजीने कोपऱ्यातले फूलही काढवून घेतले, म्हणून आज निदान ते फूल तरी आपल्याला त्याच्या मूळ रंगांची साक्ष देते. त्याने कोपरे कसेबसे उरकले असते, तर काळाने त्याच्याजवळ काय शिल्लक ठेवले असते?

परदेशात जाऊन पाय रोवणारा, दुसऱ्याची विझू पाहणारी कार्यशाळा सांभाळणारा, इतरांच्या नमुन्यांवरून शिकून त्यांच्या पुढे जाणारा, आणि आपले नाव गुडघे टेकून लिहिणारा असा हा चितारी आल्बर्ट. त्याचे शब्द आपल्याजवळ नाहीत. तरी त्या खेड्यांतील लोक पाचशेहून अधिक वर्षे झाली तरी रविवारी मान वर करून त्याने लिहिलेले वाचीत आहेत. तुम्ही हाती कुंचला घ्या, लेखणी घ्या किंवा नांगर धरा. कोपऱ्यातले फूल विसरू नका, एवढेच या चरित्राच्या निमित्ताने मला तुम्हांला सांगावयाचे आहे.